शेवटच्या शिपायांचे फलक: कामाच्या नोंदी

२ सप्टेंबर

आज कामाला हात घातला. पहिल्या महायुद्धातले जे सैनिक २००२ ते २०१२ या दहा वर्षांत एकेक करून गेले, त्यांच्यावर मराठीत बारा फलक करायचे ठरलं आहे. एका फलकावर एक माणूस, एक फोटो आणि दीडशे शब्द. मजकूर मी लिहिणार, मांडणी आणि चित्रं मैत्रीण बघणार. ११ नोव्हेंबरच्या आत सगळं छापून हातात यायला हवं. १९१८ साली त्याच दिवशी, सकाळी ११ वाजता फ्रान्स-बेल्जियममधल्या पश्चिम आघाडीवरच्या तोफा थांबल्या होत्या.

त्या युद्धासाठी जगभरात साडेसहा कोटींच्या वर माणसं उभी केली गेली. २०१२ च्या जानेवारीत त्यांतली एकच व्यक्ती उरली होती. एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात साडेसहा कोटींचा आकडा एकावर आला. तो येताना कुणाच्या हातून कसा निसटत गेला, हे मला माणसागणिक बघायचं आहे.

नावांची कच्ची यादी केली. ऑस्ट्रेलियाचे अ‍ॅलेक कॅम्पबेल, स्कॉटलंडचे आल्फ्रेड अँडरसन, फ्रान्सचे लाझार पाँतिचेली, जर्मनीचे एरिक केस्टनर, तुर्कस्तानचे याकूप सातार, इंग्लंडचे हेन्री अ‍ॅलिंगहॅम आणि हॅरी पॅच, कॅनडाचे जॉन बॅबकॉक, अमेरिकेचे फ्रँक बकल्स, इंग्लंडहून ऑस्ट्रेलियात गेलेले क्लॉड शूल्स आणि फ्लोरेन्स ग्रीन. अकरा झाले. बारावी जागा सध्या रिकामी.

५ सप्टेंबर

पहिल्याच फलकाच्या मथळ्यावर अडले. ‘पहिल्या महायुद्धातला शेवटचा सैनिक’ असं लिहायचं ते कुणाच्या नावापुढे?

हॅरी पॅच २५ जुलै २००९ ला गेले, वय १११. पश्चिम आघाडीच्या खंदकात प्रत्यक्ष लढलेले ते शेवटचे. क्लॉड शूल्स ५ मे २०११ ला पर्थमध्ये गेले, वय ११०. ते आरमारात होते आणि युद्धात लढाऊ सेवा केलेल्यांपैकी शेवटचे. फ्लोरेन्स ग्रीन ४ फेब्रुवारी २०१२ ला गेल्या, १११ वा वाढदिवस पंधरा दिवसांवर असताना. त्या काळी गणवेशात असलेल्यांपैकी शेवटच्या. तिघांनाही ‘शेवटचे’ म्हणतात आणि तिन्ही विधानं खरी आहेत.

मैत्रिणीचा निरोप: एकच ठरव, बघणारा गोंधळेल. मी ठरवणार नाही. हा गोंधळच दाखवण्यासारखा आहे. युद्ध म्हणजे फक्त खंदक असं धरलं तर २००९ ला दार बंद होतं. खंदकापर्यंत जेवण, कोळसा, पत्रं आणि मलमपट्टी पोचवणारे सगळे धरले तर तेच दार २०१२ पर्यंत उघडं राहतं.

९ सप्टेंबर

फ्लोरेन्स ग्रीन यांचा मजकूर पूर्ण झाला. सगळ्यांत सोपा वाटला होता, सगळ्यांत जास्त वेळ त्यानेच घेतला.

१९१८ च्या सप्टेंबरात, वयाच्या सतराव्या वर्षी त्या ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत भरती झाल्या. काम होतं मारहॅमच्या तळावर अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये वाढपी म्हणून. दोन महिन्यांत युद्ध संपलं. पुढे लग्न झालं, संसार झाला, मुलं-नातवंडं झाली. त्यांची गणना कुठल्याच यादीत नव्हती. २०१० साली एका अभ्यासकाला ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांच्या सेवेचा कागद सापडला. त्यावर नाव होतं माहेरचं, पॅटरसन. तोवर त्यांनी शंभरी कधीच ओलांडली होती.

या कागदापाशी मी बराच वेळ थांबले. बाई नव्वद वर्षं त्याच देशात राहत होती, कुठे लपलेली नव्हती. शेवटचे कोण याची मोजदाद चालू होती, तीसुद्धा वर्षानुवर्षं. पण मोजणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सैनिक म्हणजे पुरुष होता आणि बाईचं आडनाव लग्नात बदललं होतं. एवढ्या दोन गोष्टींनी एक जिवंत माणूस यादीबाहेर राहिला.

मजकुरात ‘केवळ वाढपी’ असं लिहिलं होतं. ‘केवळ’ खोडलं.

१२ सप्टेंबर

आज पुराव्यांचा दिवस. वय कशावरून धरलं, हे प्रत्येक नावापुढे लिहून काढलं. जन्मनोंद, जनगणना, भरतीचा कागद, यांतलं काय काय जुळतं ते पाहिलं.

याची गरज का, ते अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या उदाहरणाने पटतं. ते युद्ध १८६५ ला संपलं. संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेकडच्या बाजूचे शेवटचे सैनिक अल्बर्ट वुल्सन २ ऑगस्ट १९५६ ला गेले. ते पलटणीत ढोल वाजवणारा पोरगा म्हणून गेले होते. त्यांच्याबरोबर माजी सैनिकांची ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही प्रचंड संघटना बंद झाली, कारण सदस्यच उरला नाही. दक्षिणेकडच्या बाजूचे शेवटचे म्हणून वॉल्टर विल्यम्स यांना १९५९ साली मानाने निरोप दिला गेला. पण जनगणनेच्या जुन्या कागदांवरून दिसतं की युद्धाच्या वेळी ते लहान मूल होते.

पहिल्या महायुद्धाच्या यादीत वय वाढवण्याचा प्रकार उलट्या टोकाला आहे. म्हातारपणी नाही, पोरवयात. पाँतिचेली सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून फ्रेंच फॉरेन लिजनमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या परदेशी शिपायांच्या दलात शिरले. कॅम्पबेलनी सोळाचे अठरा केले आणि तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. बकल्सना एका भरतीकेंद्रावर लहान म्हणून आणि दुसरीकडे तळपाय सपाट म्हणून परत पाठवलं. ते तिसरीकडे गेले. बॅबकॉक तर साडेपंधरा वर्षांचे होते.

१६ सप्टेंबर

कालपासून डोक्यात घोळतंय ते लिहून ठेवते, कारण सगळ्या फलकांची दिशा यावरून बदलेल.

शेवटी उरतो तो त्या युद्धात सगळ्यांत लहान असलेला. हा साधा हिशेब आहे. १९१४ ला जे तिशीत होते, ज्यांनी चार वर्षं चिखलात काढली, ते १९८० पर्यंत बहुतेक संपले. शंभरी ओलांडून एकविसाव्या शतकात आलेले माझ्या यादीतले सगळे १८९६ किंवा त्यानंतर जन्मलेले. त्यांतले पुष्कळ जण शेवटच्या वर्षात आले, काही जण आघाडीपर्यंत पोचलेच नाहीत. केस्टनर १९१८ च्या जुलैमध्ये भरती झाले. बॅबकॉकना इंग्लंडमध्ये कोवळ्या पोरांच्या तुकडीत ठेवलं आणि वय पुरं होण्याआधी युद्ध संपलं. ग्रीन यांचं वर लिहिलंच आहे.

म्हणजे ‘शेवटचा सैनिक’ ही पदवी युद्धाने दिलेली नाही, वयाने दिलेली आहे. आणि ज्यांना ती मिळाली त्यांना हे आपल्यापेक्षा जास्त चांगलं कळत होतं. बॅबकॉक सांगत राहिले की मी लढलोच नाही, मला खरा सैनिक म्हणू नका. कॅनडाच्या संसदेने २००६ साली ठरवलं होतं की शेवटच्या सैनिकाला सरकारी इतमामात निरोप द्यायचा. बॅबकॉकनी नको म्हणून सांगितलं. १८ फेब्रुवारी २०१० ला ते गेले, वय १०९.

यादी पुन्हा वाचली तर जवळजवळ प्रत्येकाने हे ओझं दुसऱ्या कुणाच्या तरी नावाने उतरवून ठेवलेलं दिसतं. फलकांवर तेच यायला हवं. मान दिला गेला तेव्हा या माणसाने कुणाकडे बोट दाखवलं? मैत्रिणीला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, मग फोटो कुणाचा लावायचा? प्रश्न बरोबर आहे.

२२ सप्टेंबर

आजची तारीख मुद्दाम राखून ठेवली होती. हॅरी पॅच यांचा मजकूर आजच लिहायचा होता.

सॉमरसेटमधला प्लंबर. १९१६ साली सक्तीच्या भरतीत पकडला गेला, १९१७ च्या उन्हाळ्यात बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर पोचला. लुईस गन नावाच्या मशीनगनवर पाच जणांची टोळी असायची. गोळ्या भरणारा, सुटे भाग वाहणारा, चालवणारा, सगळे एकमेकांवर अवलंबून. पॅच दुसऱ्या क्रमांकाचे होते. टोळीतल्यांनी आपसात ठरवलं होतं की होता होईल तो जीव घ्यायचा नाही, पायावर नेम धरायचा. एकदा संगीन रोखून धावत येणारा जर्मन समोर आला, तेव्हा पॅचनी त्याच्या खांद्यात आणि मग पायात गोळी मारली. मारून टाकणं सोपं होतं.

२२ सप्टेंबर १९१७ च्या रात्री ते आघाडीवरून मागे परतत असताना टोळीवर तोफगोळा फुटला. तिघे जागीच गेले. पॅचना मांडीच्या वर कपची लागली. ते घरी आले, लग्न केलं, पुन्हा नळांची कामं करू लागले आणि ऐंशी वर्षं या विषयावर अवाक्षर बोलले नाहीत. बायकोजवळसुद्धा नाही. शंभरी झाल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं.

तोंड उघडण्याच्या सुमारास ते वृद्धाश्रमात होते. त्यांच्या खोलीसमोर चादरी-टॉवेल ठेवायची खोली होती. रात्री कुणी कर्मचारी चादर काढायला गेला की तिथला दिवा लागायचा आणि अर्धवट झोपेतल्या पॅचना वाटायचं, गोळा फुटला. ऐंशी वर्षांनंतर, एका दिव्याच्या बटणाने. मजकुरातून लढाईची बाकी सगळी वर्णनं गाळली तरी चालतील, ही खोली गाळायची नाही.

११ नोव्हेंबरचे सरकारी कार्यक्रम त्यांना देखावा वाटत. त्यांचा स्मरणाचा दिवस आजचा होता, २२ सप्टेंबर. त्या तिघांचा. २००४ साली ते चार्ल्स कुएंट्झ या अल्सासच्या म्हाताऱ्याला भेटले, जो त्याच आघाडीवर जर्मनांच्या बाजूने होता. दोघेही शंभरीच्या पुढचे. कुएंट्झनी बिस्किटांचा डबा आणला होता, पॅचनी सायडरची, सफरचंदाच्या दारूची बाटली.

६ ऑगस्ट २००९ ला वेल्सच्या कॅथीड्रलमध्ये अंत्यविधी झाला. शवपेटीबरोबर बेल्जियम, फ्रान्स आणि जर्मनीचे सैनिक चालले. पॅच यांची इच्छा म्हणून मिरवणुकीत एकही शस्त्र नव्हतं.

दीडशे शब्दांत हे बसत नाही. मैत्रिणीकडे दोनशे मागितले, तिने अडीचशे दिले.

२४ सप्टेंबर

अ‍ॅलिंगहॅम आणि कॅम्पबेल उरकले. अ‍ॅलिंगहॅम १८ जुलै २००९ ला, पॅच यांच्या बरोबर एक आठवडा आधी, ११३ व्या वर्षी गेले. जटलंडच्या समुद्री लढाईच्या वेळी ते तिथे होते. कॅम्पबेल २००२ मध्ये, गॅलिपोलीतले शेवटचे. दोन्ही मजकूर सरळ आहेत, फार काही करावं लागलं नाही.

२७ सप्टेंबर

पाँतिचेली. जन्म १८९७, इटलीतल्या बेत्तोला या डोंगरी गावात, अत्यंत गरिबीत. पोरगा लहानपणीच पॅरिसला आला, धुराडी साफ करायचा. १९१४ ला फ्रान्ससाठी लढायला गेला. का, तर या देशाने मला पोट भरू दिलं म्हणून. १९१५ मध्ये इटली युद्धात उतरल्यावर इटलीने त्याला आपला नागरिक म्हणून ओढून नेलं आणि आल्प्सच्या डोंगरी पलटणीत घातलं. तिथे समोरच्या ऑस्ट्रियनांशी त्यांच्या तुकडीची पावाच्या बदल्यात तंबाखू अशी देवघेव चालायची. वरिष्ठांना कळलं आणि तुकडी दुसरीकडे हलवली गेली.

मला खरी गोष्ट पुढची सांगायची आहे. २००५ साली अध्यक्ष जाक शिराक यांनी जाहीर केलं की शेवटच्या फ्रेंच सैनिकाला राष्ट्रीय इतमामात निरोप दिला जाईल. तेव्हा हयात असलेल्यांत पाँतिचेली आणि लुई द काझनाव हे दोघेही होते आणि दोघांनीही नकार दिला. एवढी माणसं मेली, त्यांना कुणी विचारलं नाही, आता शेवटच्यासाठी हे कशाला, असा दोघांचा सूर. द काझनाव २० जानेवारी २००८ ला गेले आणि पाँतिचेली एकटे उरले. तेव्हा त्यांनी आपलं म्हणणं थोडं सैल केलं. समारंभ साधा असावा आणि तो माझ्यासाठी नसून मेलेल्या सगळ्यांसाठी, पुरुषांसाठी आणि बायकांसाठीही असावा, या अटीवर ते तयार झाले. १२ मार्चला गेले, १७ मार्चला पॅरिसच्या इनव्हॅलिड या जुन्या लष्करी वास्तूत विधी झाला.

द काझनाव यांना वेगळा फलक नाही, जागाच नाही. पण याच फलकावर त्यांचं नाव पाँतिचेलींच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात हवं, हे मी मांडणीच्या कागदावर लाल पेनने लिहून दिलं.

१ ऑक्टोबर

मैत्रिणीशी तासभर वाद. तिचं म्हणणं, प्रदर्शनाचं नाव ‘शेवटचे’ असंच हवं, लोक त्याने थांबतात. माझं म्हणणं, ज्यांनी हा शब्द स्वतःहून परत केला, त्यांच्याच कपाळावर आपण तो पुन्हा चिकटवतोय. ती एक बरोबर बोलली: ‘तो शब्द त्यांनी परत केला, हेसुद्धा लोकांना थांबल्यावरच कळेल ना.’ मान्य केलं. नाव राहिलं. मात्र फलकांच्या तक्त्यातला ‘कितवा शेवटचा’ हा रकाना काढून टाकला आणि तिथे ‘कुणाची आठवण काढली’ असा रकाना घातला.

४ ऑक्टोबर

एरिक केस्टनर. १ जानेवारी २००८ ला गेले, वय १०७. पेशाने न्यायाधीश. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष शेवटच्या शिपायाला निरोप द्यायला उभे राहतात आणि जर्मनीत त्याच वर्षी शेवटचा माणूस जातो तेव्हा देशाला पत्ताही नसतो. जर्मनीत हयात सैनिकांची सरकारी यादीच ठेवली जात नव्हती. घरच्यांनी वर्तमानपत्रात नेहमीसारखी निधनवार्ता दिली, त्यावरून काही चिकित्सक लोकांनी ताळा जुळवला, मग बातमी झाली.

याला विसरभोळेपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे, मी तसं लिहिणार नाही. दुसऱ्या युद्धानंतर त्या देशात सैनिकाचा गौरव या गोष्टीचीच भीती बसली होती आणि ती भीती अनुभवातून आलेली होती. केस्टनर स्वतः दुसऱ्या युद्धात हवाई दलात होते. या फलकावर ‘कुणाची आठवण काढली’ हा रकाना कोरा राहणार. कोराच ठेवते.

९ ऑक्टोबर

याकूप सातार यांच्या मजकुरावरून मी जिथे यायला हवं होतं तिथे आले.

सातार २ एप्रिल २००८ ला गेले, ऑटोमन सैन्यातले शेवटचे. १९१७ च्या फेब्रुवारीत कुतच्या दुसऱ्या लढाईत ते ब्रिटिशांच्या हाती कैद झाले. कुत अल अमारा, इराकमधलं टायग्रिस नदीच्या वळणावरचं गाव. त्याच्या आधीच्या वर्षी तिथे उलटं घडलं होतं. मेजर जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची, ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातली सहावी पूना डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकली. २९ एप्रिल १९१६ ला तिने शस्त्रं खाली ठेवली. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी. १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. शेवटी शेवटी घोडी आणि खेचरं कापून खाल्ली जात होती. पुढे वाळवंटातून पायी नेताना आणि तुर्की छावण्यांत त्यांतले हजारो गेले.

त्या युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसं गेली, सुमारे ७४ हजार मेली. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके प्राणास मुकले. साताऱ्याच्या अपशिंग्याच्या पाटीवर मेलेल्यांचा आकडा आहे ४६. आकडे आहेत, नावं नाहीत. मुंबईतल्या खलाशांच्या स्मारकावर समुद्रातच नाहीशा झालेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची आठवण राखली आहे.

बारावी जागा या लोकांची आहे, यात मला शंका उरलेली नाही. पण त्यांच्यासाठी मी ‘शेवटचा’ शोधणार नाही. कॅनडा, फ्रान्स, अमेरिकेत शेवटचा सापडला तो मोजत राहिले म्हणून. आकडा कोरून जिथे काम संपलं, तिथे शेवटच्या माणसापेक्षा कुठला तरी एक माणूस हवा. बोलणारा.

१३ ऑक्टोबर

सापडला. खरं तर तो सगळ्यांनाच माहीत आहे, मलाच आधी सुचला नाही.

बर्लिनजवळ व्युन्सडोर्फ इथे जर्मनांनी हिंदी आणि मुसलमान कैद्यांची छावणी केली होती, अर्धचंद्राची छावणी म्हणत. युद्धाच्या काळात भाषाअभ्यासक ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन तिथे जात आणि कैद्यांकडून त्यांच्या भाषेत गाणी, गोष्टी, उतारे बोलून घेत. त्यांना हवे होते उच्चार. त्या तबकड्या आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात आहेत. ११ डिसेंबर १९१६ ला पंजाबी शिपाई माल सिंग त्या कर्ण्यासमोर उभा राहिला.

तो स्वतःबद्दल बोलतो, पण ‘मी’ म्हणत नाही. एक माणूस होता, असं सुरू करतो. हिंदुस्थानात तो लोणी खायचा, दूध प्यायचा. मग तो इंग्रजांच्या नोकरीत गेला, युरोपच्या लढाईत आला, जर्मनांनी त्याला पकडला. त्याला घरी जायचं आहे. तह कधी होणार, काही खबर नाही. आणखी दोन वर्षं इथे काढावी लागली तर तो मरेल. आणि अगदी शेवटच्या वाक्यात, देवाने दया केली आणि तह झाला तर, म्हणताना तो ‘आम्ही’ वर येतो: आम्ही निघून जाऊ.

जर्मन अभ्यासकाने उच्चार मागितले आणि याने स्वतःचं सगळं सांगून टाकलं. इथे कुणी शंभरी गाठायची वाट पाहिली नाही. युद्ध चालू असतानाच, कैदेत, शत्रूच्या यंत्रात.

१९ ऑक्टोबर

अँडरसन. १९१४ च्या नाताळात आघाडीवर काही ठिकाणी गोळीबार आपोआप थांबला, त्या दिवसाचे शेवटचे साक्षीदार. २१ नोव्हेंबर २००५ ला गेले. ते स्वतः खंदकाच्या मागे, एका शेतघरात मुक्कामाला होते. त्यांना आठवत होती ती शांतता. रोजचा गोळीबार एकदम थांबल्यावर कानांत वाजणारी.

बकल्स आणि शूल्स शेजारीशेजारी ठेवतेय, कारण दोघे एकाच वर्षी १९०१ ला जन्मले, एकाच वर्षी २०११ ला गेले आणि त्या पदवीचं दोघांनी अगदी उलट केलं. शूल्सनी १९१९ च्या जूनमध्ये स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो इथे जर्मन आरमाराने आपलीच जहाजं बुडवलेली डोळ्यांनी पाहिली होती, पुढे १९५६ पर्यंतची वर्षं आरमारी सेवेतच काढली. पण म्हातारपणी ते युद्धस्मरणाच्या संचलनात जायचे नाहीत, युद्धाचा गौरव नको म्हणायचे. बकल्स फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवायचे. अटलांटिक पार केला तो कार्पेथिया जहाजातून, ज्याने टायटॅनिकची माणसं वाचवली होती. दुसऱ्या युद्धात ते मनिलात अडकले आणि नागरिक असूनही ३९ महिने जपान्यांच्या कैदेत राहिले. शंभरी उलटल्यावर ते ठिकठिकाणी जाऊन सांगत राहिले की वॉशिंग्टनमध्ये पहिल्या युद्धाचं राष्ट्रीय स्मारक हवं. ते २७ फेब्रुवारी २०११ ला गेले, स्मारक २०२१ ला उघडलं.

कुणाचं बरोबर, हे मी लिहिणार नाही. दोघांनीही स्वतःसाठी काही मागितलं नाही, एवढं फलकावर शेजारीशेजारी दिसलं म्हणजे झालं.

२३ ऑक्टोबर

प्रस्तावनेच्या फलकासाठी एक आकडा: ७३ डॉलर १३ सेंट. अमेरिकेच्या यादवी युद्धाचं शेवटचं निवृत्तिवेतन. दरमहा आयरीन ट्रिपलेट यांना मिळायचं. वडील त्या युद्धात आधी दक्षिणेकडून, नंतर उत्तरेकडून लढले होते. मुलगी १९३० साली झाली तेव्हा वडिलांचं वय ८३. आयरीन ३१ मे २०२० ला गेल्या, तेव्हा तो हप्ता थांबला. युद्ध संपून १५५ वर्षं झाली होती.

शेवटचा सैनिक गेला म्हणून युद्ध संपत नाही, हे सांगायला मी दोन परिच्छेद लिहिले होते. ते काढले आणि हा आकडा ठेवला.

२९ ऑक्टोबर

छपाईपूर्वीची प्रत आली. शूल्स यांच्या फलकावर मी ‘जगातले शेवटचे हयात सैनिक’ असं लिहून गेले होते. म्हणजे ग्रीन बाईंना मीही वगळलं, दीड महिना त्यांच्याविषयी लिहीत असूनसुद्धा. मैत्रिणीने पकडलं. दुरुस्त केलं आणि सगळे बारा मजकूर पहिल्यापासून पुन्हा, आवाज काढून वाचले. आणखी दोन तारखा चुकलेल्या निघाल्या.

३ नोव्हेंबर

फोटोचा प्रश्न सुटला. प्रत्येक फलकावर माणसाचा म्हातारपणचा फोटो लहान आणि ज्यांच्याकडे त्याने बोट दाखवलं त्यांची जागा मोठी. पॅच यांच्या फलकावर तीन रिकाम्या चौकटी आहेत, मशीनगनवरच्या तिघांच्या. मैत्रिणीने त्या चौकटी फिकट करून आणल्या होत्या. मी म्हटलं, काळ्या ठेव, माणूस उभा राहू शकेल एवढ्या.

८ नोव्हेंबर

बाराव्या फलकाचं भाषांतर अजून हलत होतं. ‘एक इसम होता’ कोरडं वाटत होतं, पोलिसांच्या पंचनाम्यासारखं. ‘एक मनुष्य होता’ कीर्तनात शोभेल. शिवाय शेवटी ‘तो’ वरून ‘आम्ही’ वर उडी आहे, ती सारखी करून टाकावी असं दोघांनी सुचवलं, वाचणाऱ्याला चूक वाटेल म्हणाले. ती उडी मी जशीच्या तशी ठेवणार. तिथेच तो कर्ण्यासमोर उभा असलेला माणूस दिसतो.

मैत्रिणीच्या आठ वर्षांच्या मुलीने पडद्यावर मजकूर पाहिला आणि विचारलं, ही राजाची गोष्ट आहे का? एक होता राजा, तसं?

११ नोव्हेंबर

फलक उभे राहिले. सकाळी अकराला आम्ही दोघीच होतो, दोन मिनिटं काही न बोलता थांबलो. पहिला फलक कॅम्पबेल यांचा, अकरावा ग्रीन बाईंचा, त्यानंतर थोडी मोकळी भिंत सोडून बारावा. त्यावर फोटो नाही, तारीख आहे आणि मजकूर. सुरुवात अशी केली आहे: एक होता माणूस.